तिथीची पाऊणपट

शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयाच्या पायऱ्या उतरणाऱ्या माणसाला दोन दिवसांची मोकळीक मिळते खरी. परंतु मनगटावरचे घड्याळ काही उतरत नाही. सहलीलाही तो वेळापत्रक बरोबर घेऊनच निघतो. किती वाजता पोहोचायचे, किती वाजता जेवायचे, परतीच्या वाटेवर गर्दी होण्यापूर्वी केव्हा निघायचे, याची आखणी आधीच झालेली असते. पौष महिन्यातील एका शनिवारी कोकण किनाऱ्यावर गेलेल्या चार मित्रांचीही अशीच आखणी होती. समुद्राचे स्वतःचे एक घड्याळ असते, एवढेच तिच्यात कोठे नमूद नव्हते.

चौघेही नाशिकच्या एका शाळेतील वर्गमित्र. आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेले. एक इंदूरला शाळेत शिक्षक, दुसरा पुण्यात संगणक अभियंता, तिसऱ्याचे नाशिकमध्येच औषधांचे दुकान आणि चौथा मुंबईच्या उपनगरातील किनाऱ्यालगतच्या एका शाखेत बँक अधिकारी. चौघांचेही बालपण गोदावरीच्या काठी गेलेले. त्यामुळे पाण्याची भीती नव्हती आणि समुद्राची ओळखही नव्हती. गळ टाकून मासे धरायचे, तंबूत रात्र काढायची, पहाटे होडीतून समुद्रात जायचे, असा बेत कित्येक वर्षे केवळ बोलण्यात होता. अखेर बँक अधिकाऱ्याने एका खातेदाराच्या ओळखीतून कोर्लई गावच्या एका वृद्ध नाखवांशी बोलणे केले आणि दिवस ठरला.

बंदरांच्या वाटेने

मुंबईहून अलिबागकडे जाण्यासाठी पूर्वी एक तर पेणमार्गे मोठा वळसा घ्यावा लागे, नाही तर लाँचमध्ये बसून वाहन मागे सोडावे लागे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यापर्यंत रो-रो नौका सुरू झाली आणि मोटारीसह तासाभरात पलीकडे उतरता येऊ लागले. हिवाळ्यातले कुरव पक्षी नौकेच्या मागे झेपावत येतात, तेव्हाच सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटते.

अलिबागच्या दक्षिणेला आक्षी, नागाव, चौल आणि रेवदंडा ही गावे नारळी-पोफळीच्या सावलीत एका माळेसारखी ओवलेली आहेत. आक्षीला शके ९३४ चा शिलालेख आहे. मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. चौल हे तर प्राचीन काळापासून परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन येथे उतरला होता. रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की साळाव आणि मग कोर्लई. समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या डोंगरावर पोर्तुगिजांनी बळकट केलेला किल्ला आहे, डोंगराच्या कडेला दीपगृह आहे आणि पायथ्याशी गाव. १७४० मध्ये या भागातील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात येऊन मराठ्यांचा अंमल बसला. परंतु गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून घडलेली एक बोली अद्याप टिकून आहे. तिला ते ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात.

मित्रांची मोटार दुपारी साडेतीनच्या सुमारास किनाऱ्याशी पोहोचली. समुद्र दूर गेलेला होता. समोर ओलसर, सपाट, टणक वाळूचे विस्तीर्ण अंगण पसरले होते. तंबू ठोकायला याहून उत्तम जागा कोणती? अर्ध्या तासात तंबू उभा राहिला. मेखा पक्क्या बसल्या, म्हणून इंदूरच्या शिक्षकाने समाधानाने हात झटकले.

नाखवा आले ते तंबूकडे पाहतच. सत्तरीचे वय, काटक शरीर आणि डोक्यावर गोल टोपी. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, “पोरांनो, आज बारस हाय. नऊ वाजता इथं गुडघाभर पानी असंल.”

त्यांनी वाळूवरची एक रेघ दाखवली. वाळलेले शेवाळ, शिंपल्यांचे तुकडे, काटक्या आणि एक तुटकी चप्पल यांची ती वेडीवाकडी रेघ तंबूच्या बरीच वर, सुरूच्या झाडांच्या अलीकडे होती. आदल्या भरतीने आपली सही तेथे ठेवली होती. वाचता येत नव्हती एवढेच. पौर्णिमा जवळ येत असल्याने आजचे पाणी त्या रेघेच्याही थोडे पुढे जाणार होते. चौघांनी निमूटपणे मेखा उपटल्या आणि सुरूपलीकडील एका वाडीत, मालकाची परवानगी घेऊन, तंबू पुन्हा उभा केला.

खडकावरची दहा मिनिटे

गळाने मासे धरण्याला कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. त्याचे साहित्य मोजके असते. तंगुसाची दोरी, टोकाला गरी, दोरी खाली नेण्यासाठी शिशाचे वजन आणि आमिषाला कोळंबी किंवा बोंबलाचा तुकडा. अभियंत्याने मात्र पुण्याहून चकचकीत काठी, फिरकी आणि निरनिराळ्या रंगांची कृत्रिम आमिषे आणली होती. नाखवांनी ती कौतुकाने हाताळली, फिरकी फिरवून पाहिली आणि गरीला कोळंबीच लावा, असे सुचवले.

डोंगराच्या पायथ्याशी खडकांची एक रांग समुद्रात गेलेली आहे. खडक आणि वाळू यांच्यामध्ये एक घळ होती. साडेचारला शिक्षक आणि अभियंता ती ओलांडून गेले, तेव्हा तिच्यात घोट्याएवढे पाणी होते. “पाच वाजता परत फिरा,” असे नाखवांनी बजावले होते. पाच वाजले, परंतु त्याच वेळी दोरीला पहिला झटका बसला. एक ढोमा वर आला, पाठोपाठ दुसरा. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला पुढचे सारे दिसते. पाठीमागची घळ दिसत नाही. आणखी दहा मिनिटे, असे म्हणत अर्धा तास गेला.

भरतीचे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या साधारण बाराव्या भागाइतकेच चढते, दुसऱ्या तासात त्याच्या दुप्पट, तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तिप्पट आणि मग पुन्हा मंदावते. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी भरून येते. त्या दिवशी ओहोटी तीनच्या सुमारास पूर्ण झाली होती. पाच ते सात हेच ते दोन तास होते आणि सूर्यास्तही त्यांतच होता.

किनाऱ्यावर चूल मांडणाऱ्या औषध दुकानदाराने सहज मान वर केली आणि त्याच्या लक्षात आले की मित्र उभे आहेत तो खडक आता बेट झाला आहे. त्याने हाक मारली, पण लाटांच्या आवाजात ती विरून गेली. नाखवांनी मात्र हाक मारण्यात वेळ दवडला नाही. होडीवरचा दोर खांद्यावर टाकून ते आणि त्यांचा पुतण्या घळीकडे धावले. दोराचे एक टोक वाळूवरच्या मोठ्या दगडाला बांधले गेले, दुसरे घेऊन पुतण्या पाण्यात उतरला. पाणी त्याच्या कमरेच्या वर होते आणि घळीत शिरणारी प्रत्येक लाट त्याला आडवे ढकलत होती.

शिक्षकाला पोहता येत नव्हते. दोर धरून, एकेक पाऊल चाचपत तो आला. त्याच्या मागे अभियंता. एका हातात दोर, दुसऱ्या हातात ती महागडी काठी. मध्यावर त्याचा पाय सरकला. “काठी सोड,” नाखवा ओरडले. तो क्षणभर घुटमळला. पाणी छातीला लागले होते. “सोड ती!” काठी सुटली, दुसरा हात दोरावर आला आणि पुढच्या लाटेच्या आत तो वाळूवर होता.

कोणी काही बोलले नाही. चौघे कितीतरी वेळ त्या खडकाकडे पाहत राहिले. सात वाजायच्या आत तो दिसेनासा झाला. फक्त तेथे पाणी किंचित फेसाळत होते. बराच वेळाने अभियंता म्हणाला, “समुद्र फार अचानक चढला.”

नाखवांनी चुलीत एक लाकूड सरकवले. “दर्या वेळेवरच आला,” ते म्हणाले. “उशीर तुमाला झाला.”

नाखवांचे गणित

रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि वाचलेल्या दोन ढोम्यांचे चिंच घातलेले कालवण असे जेवण झाले. मासे दोन आणि माणसे सहा. तरीही कालवण पुरले. द्वादशीचा चंद्र माथ्याकडे चढला होता. नऊच्या पुढे चौघेजण सुरूच्या झाडांपर्यंत चालत गेले. दुपारी जेथे तंबू उभा होता, तेथे काळेभोर पाणी डुलत होते. शिक्षक चपला काढून आत उतरला. पाणी गुडघ्याला लागले.

“नऊ वाजता, हे तुम्हांला कसे कळले?” त्याने विचारले. नर्मदा रोज दोन वेळा चढत-उतरत नाही, त्यामुळे त्याचे कुतूहल साहजिक होते.

तेव्हा नाखवांनी ते गणित सांगितले. कोकणातील जुन्या माणसांना ते पाठ असते. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते, दिवसाही आणि रात्रीही. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मिनिटामिनिटाचा नाही. जागेप्रमाणे त्यात थोडेफार मागेपुढे होते. पण खडकावर जावे की न जावे, हे ठरवायला तो पुरतो.

या आडाख्यामागे चंद्राची चाल आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यासोबत तेवढीच मागे सरकते. जुन्या मापात सांगायचे तर साधारण दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. त्यालाच व्यवहारात पाऊण तास धरले गेले. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाण्याला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती ओढ विभागली जाऊन भांगाची, म्हणजे बेताची भरती येते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी लोक चालत जातात आणि परतायला उशीर झाला की अडकतात, ते याच कारणाने.

बँक अधिकाऱ्याने हे सारे ऐकले आणि खिशातल्या छोट्या वहीत टिपून घेतले. व्याजाची कोष्टके पाठ असलेल्या माणसाला इतके सुटसुटीत कोष्टक पूर्वी कोणी दिले नव्हते.

होडीवरचा ताळेबंद

पहाटे चंद्र मावळला होता. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा अंगाला झोंबत होता. साडेपाचला होडी खाडीतून निघाली. निघण्यापूर्वी नाखवांनी प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट चढवले आणि पट्टे स्वतः ओढून पाहिले. आदल्या संध्याकाळनंतर कोणी थट्टा केली नाही.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली खडक असलेल्या एका जागी यंत्र बंद झाले. ती जागा कशी ओळखली, असे विचारता नाखवांनी मागे दिसणारे दीपगृह आणि दूरचा एक डोंगर यांची एक रेघ हवेत बोटाने ओढून दाखवली. मग हातदोऱ्या पाण्यात गेल्या. शिसे तळाला लागले की दोरी हातभर वर घ्यायची आणि बोटावर धरून बसायचे. एवढेच काम, परंतु त्यात मन दुसरीकडे जाऊ शकत नाही.

पहिला मासा शिंगाळा निघाला. दुकानदार उत्साहाने हात पुढे करणार तोच पुतण्याने त्याचे मनगट धरले. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांशी विषारी काटा असतो. तो रुतला तर वेदना असह्य होतात. अशा वेळी जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावी आणि डॉक्टरांकडे जावे. पुतण्याने पक्कडीने काटे मोडले आणि मगच मासा टोपलीत टाकला. नंतर एक रावस आला, आणखी दोन शिंगाळे आले आणि उजाडता उजाडता शिक्षकाच्या दोरीला एक तांबोशी लागली. लालसर, तळपती आणि जेमतेम वीतभर. आयुष्यात धरलेला पहिला मासा त्याने दोन्ही हातांत धरला.

नाखवांनी तिच्या तोंडातली गरी हलकेच सोडवली आणि तिला पाण्यात सोडून दिले. शिक्षकाचा चेहरा उतरला. “ती अजून व्यालेली नाय,” नाखवा म्हणाले. “ठेवली असती तर आज एकीच मिळाली असती.”

बँकेच्या भाषेत याला मुद्दलाला हात न लावणे म्हणतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटसाठी ते १३५ मिलीमीटर आहे. लहान मासे जाळ्यात येत राहिले तर पुढल्या हंगामाची पिढीच उरत नाही. नियम आता कागदावर आला; काही नाखवांच्या हातात तो आधीपासून होता.

सूर्य वर आल्यावर गप्पा निघाल्या. अधिकाऱ्याने यंत्राची किंमत विचारली, डिझेलचा आणि बर्फाचा खर्च विचारला. गेली काही वर्षे त्याच्या टेबलावरून मच्छीमारांची कर्जप्रकरणे जात होती. तारणाच्या रकान्यात ‘नौका, यंत्र, जाळी’ असे तीन शब्द त्याने अनेकदा लिहिले होते. आज तो त्या तीन शब्दांत बसला होता.

नाखवांनीही एक हिशेब सांगितला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हे दिवस अनेक माशांच्या विणीचे आणि खवळलेल्या समुद्राचे. ही बंदी त्यांना मान्य होती. ती नसती तरी त्या दिवसांत शहाणा माणूस होडी बाहेर काढत नाही. होडी किनाऱ्यावर ओढायची, झापांनी झाकायची, जाळी विणायची. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की नवे वर्ष सुरू. मग ते सहज म्हणाले, “दर्या दहा महिने देतो. हप्ता बारा महिने येतो.”

ती तक्रार नव्हती. भरतीची वेळ सांगावी तशा स्वरात ते बोलले होते. अधिकारी मात्र पुढचा बराच वेळ दोरी धरून गप्प होता. जून-जुलैमध्ये थकलेल्या हप्त्यांवर त्याने पाठवलेली स्मरणपत्रे त्याला आठवत असावीत. त्या पत्रांतील प्रत्येक आकडा बरोबर होता. फक्त पंचांग चुकले होते.

जाण्यापूर्वी

अशा सहलीचा बेत करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. निघण्यापूर्वी तिथी पाहावी आणि भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिक माणसाकडून पडताळून घ्याव्यात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटांचे व वाऱ्याचे अंदाज प्रसृत होतात, तेही पाहावेत. तंबू नेहमी भरतीच्या रेघेच्या वर आणि जागेच्या मालकाच्या परवानगीने ठोकावा. खडकावर एकट्याने जाऊ नये. गेल्यास एकाने किनाऱ्याकडे तोंड करून बसावे. होडीत तरंगजाकिटाशिवाय पाऊल ठेवू नये. समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि एरवी ११२ हे क्रमांक जवळ असावेत. तुटलेल्या तंगुसाचा तुकडाही मागे टाकू नये. त्यात कासवे आणि पक्षी अडकतात. कचरा आपल्याबरोबर परत आणावा. मार्गदर्शक मच्छीमाराला त्याच्या दिवसाचा योग्य मोबदला द्यावा, कारण सुट्टी आपली असते. त्याचा तो कामाचा दिवस असतो.

सोमवार

रविवारी दुपारी चौघे निघाले, तेव्हा समुद्र पुन्हा मागे हटत होता. आदल्या संध्याकाळचा तो खडक हळूहळू वर येत होता, काहीच घडले नसल्यासारखा. अभियंत्याने काठी कोठे दिसते का म्हणून एकदा पाहिले आणि मग मोटारीत जाऊन बसला.

सोमवारी सकाळी बँक अधिकाऱ्याच्या टेबलावर कोळीवाड्यातील एका खातेदाराचा किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज होता. ही सुविधा मत्स्यव्यवसायालाही देण्याची घोषणा २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आणि परतफेड व्यवसायाच्या उत्पन्नाच्या ओघाप्रमाणे ठरवावी, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलेले आहे. अधिकाऱ्याने ते परिपत्रक पूर्वीही वाचले होते. त्या दिवशी त्याने खातेदाराला समोर बसवून विचारले, “कोणत्या महिन्यात किती उत्पन्न येते, ते सांगा.”

खातेदार ऑगस्टपासून मोजू लागला. अधिकारी लिहीत गेला. मे महिन्यापर्यंत रकाने भरले. जून आणि जुलै या दोन रकान्यांत त्याने एक आडवी रेघ ओढली, वाळूवर भरतीने ओढावी तशी, आणि खाली सही केली.